दुमडलेलं टोक

मिस्त्री आला तो दारातच उभा राहिला. बसा म्हटल्यावर त्याने आधी स्वतःची पँट झटकली, मग खुर्ची झटकली आणि तरीही काठावरच टेकला. ज्याच्या पोटात पाप असतं तो ऐसपैस बसतो, असा वहिनींचा अनुभव होता. काठावर बसणाऱ्याचं त्या आधी ऐकून घेत.

वहिनी म्हणजे तपास कचेरीच्या मालकीण. कचेरी नवऱ्याची. तो गेला तेव्हा लोक म्हणाले, बाईमाणूस, शिक्षण चौथीपर्यंत, आता पाटी उतरवा. वहिनींनी पाटी उतरवली, पुसली आणि पुन्हा लावली. मदतीला धाकटे दीर होते, भाऊजी. पोस्टातून निवृत्त झालेले. अक्षर मोत्यासारखं, पण डोक्याचं काम टपालासारखं. आज टाकलेलं चार दिवसांनी पोचायचं.

मिस्त्री शर्यतीच्या गाड्या भाड्याने देणाऱ्या गॅरेजात होता. हौशी लोक तिथे यायचे. कुणी दुकानदार, कुणी कारकून. आठवडाभर काटकसर करायची आणि रविवारी गाडी भाड्याने घेऊन ट्रॅकवर पळवायची. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण तिथे एकेका गोष्टीला होतं. गाडीचं भाडं वेगळं, टायरचे वेगळे, पेट्रोल वेगळं, अनामत वेगळी. वर गाडीला काही झालं तर भरपाई चालवणाऱ्याच्या माथी, आणि त्या कागदावर सही केल्याशिवाय किल्ली हातात पडत नसे.

नऊ दिवसांपूर्वी अशाच शर्यतीत एक जण गेला. त्याचं फरशीचं दुकान होतं, म्हणून ट्रॅकवर सगळे त्याला फरशीवालाच म्हणत. वय चौतीस. पाचव्या फेरीत, लांब सरळ रस्त्याच्या टोकाला, गाडी वळायच्या ऐवजी सरळ भिंतीत गेली. ब्रेक लागलेच नाहीत.

ट्रॅकच्या समितीने मोडकी गाडी तपासली. गाडीच्या तोंडावर ब्रेकला वारा जाण्याची भोकं असतात, त्यावर काळी चिकटपट्टी होती. सकाळच्या थंडीत सरावाच्या वेळी ब्रेक लवकर तापावेत म्हणून मिस्त्री लोक तिथे पट्टी लावतात आणि शर्यतीआधी काढतात. राहिली तर ब्रेक तापत जातात, आतलं तेल उकळतं आणि पाय कापसावर पडल्यासारखा खाली जातो. पट्टी मिस्त्रीच्या रोलची होती. तू काढायला विसरलास, समिती म्हणाली. येत्या सोमवारी निकाल होता. पुन्हा कधी गाडीला हात लावायचा नाही, आणि कागद पोलिसांकडे.

"मी काढली होती, बाई," मिस्त्री म्हणाला. "दोन्ही बाजूंची. काढलेली पट्टी मी पेटीच्या झाकणावर लावतो, मोजून. अठरा वर्षं. त्या दिवशीच्या दोन्ही झाकणावर आहेत."

समितीला त्याने त्या दाखवल्याही होत्या. जुन्या कशावरून नाहीत, असं त्यांनी विचारलं.

भाऊजींचं म्हणणं पडलं की माणूस विसरतो, त्यात तपास कसला. वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी मुकाट्याने वही उघडली.

"मला दुसरं काही येत नाही," मिस्त्री म्हणाला. एवढंच म्हणाला आणि उठला.

मोडकी गाडी गॅरेजच्या मागे ताडपत्रीखाली होती. मिस्त्रीने ताडपत्री काढली. उजवी बाजू चेपून गेली होती. डावी बरीचशी शाबूत होती, आणि तिथल्या भोकावर ती पट्टी होती. काळी गाडी, काळं भोक, काळी पट्टी. दोन पावलं मागे सरकलं की पट्टी दिसतच नव्हती, नुसतं भोक आहे असंच वाटे.

वहिनींनी चष्मा लावला. आधी पेटीचं झाकण मागून घेतलं. त्यावरच्या पट्ट्यांची टोकं वाकडीतिकडी होती, एकीवर चक्क दात उमटले होते. कात्री शोधायला वेळ कुणाला असतो, मिस्त्री ओशाळून म्हणाला, या धंद्यात सगळेच हाताने नाहीतर दाताने तोडतात.

मग त्यांनी गाडीवरची पट्टी पाहिली. तिच्या कडा सरळ होत्या, चारही कोपरे गोलसर. एका टोकाला बोटभर दुमड होती. त्या दुमडीला धरून त्यांनी ओढली तर पट्टी अलगद सुटून आली, रंगाचा कपचाही निघाला नाही. त्यांनी ती पाकिटात ठेवली.

"हे भोक कुठे जातं?"

मिस्त्रीने वाकून दाखवलं. कडेच्या दोन भोकांतून नळी थेट ब्रेकवर जात होती. इंजिनाचं पाणी थंड करणारा रेडिएटर मधल्या फटीमागे होता. सगळ्या गाड्यांत असंच असतं का, हे वहिनींनी विचारलं. तो म्हणाला, छे, ज्याने बांधली त्याची मर्जी.

शेवटी त्यांनी ब्रेकच्या तेलाची डबी उघडायला लावली. तळाशी थोडं तेल उरलं होतं, कितीदा उकळलेल्या चहासारखं. मिस्त्री खाली बघायला लागला. नवं तेल मधाच्या रंगाचं असतं. दर दोन शर्यतींनी बदलावं लागतं, नाहीतर ते ओल धरतं आणि लवकर उकळतं. त्याने मालकांना तीनदा सांगितलं होतं. पुढच्या महिन्यात बघू, असं उत्तर मिळालं होतं.

एवढ्यात भाऊजींनी नको तिथे हात घातला आणि फाटक्या पत्र्याने बोट कापून घेतलं. वहिनींनी रुमाल बांधला आणि म्हणाल्या, पुराव्यात आता तुमचं रक्तही आलं, वहीत लिहून ठेवा.

तिथून दोघं फरशीवाल्याच्या घरी गेले. घरात त्याची मोठी बहीण होती, ताई. आईबाप गेले तेव्हा भाऊ चार वर्षांचा आणि ही अठराची. लग्न केलं नाही. सव्वीस वर्षं दवाखान्यात जखमा बांधण्याच्या खोलीत काढली, गेल्या वर्षी स्वेच्छेने निवृत्त झाली. दोन खोल्या, लख्ख घासलेल्या. दाराशी भावाचे बूट अजून होते, नाडी सुटलेली.

वहिनींना सांत्वन येत नव्हतं. त्या नुसत्या बसून राहिल्या. ताईंचं लक्ष मात्र भाऊजींच्या रुमालाकडे गेलं आणि त्या उठल्याच. बोट धुतलं, कापूस लावला, कपाटातून चिकटपट्टी काढली. हात बोलण्याची वाट बघत नव्हते. कात्रीने तुकडा कापला, कोपरे खुडल्यासारखी चार वेळा कात्री लागली, टोक जरासं मुडपलं आणि पट्टी बोटाभोवती बसलीसुद्धा. भाऊजी म्हणाले की आयुष्यात इतकी छान पट्टी कुणी बांधली नव्हती. तेव्हा ताई पहिल्यांदा जरा मोकळ्या झाल्या.

भिंतीवर एक फोटो होता. अंगणात निळी, ठिगळं लावलेली गाडी, तिच्यावर ओणवा भाऊ आणि दिवा धरून ताई. पहिली गाडी त्याने स्वतः जोडली होती, तीन वर्षं. कुठला नट कुठे हे ताईंना तोंडपाठ झालं होतं. थंडीत पाणी लवकर तापावं म्हणून कडेची भोकं त्याच बंद करत. एकदा काढायचं राहिलं. दुसऱ्याच फेरीत पाण्याचा काटा लाल रेघेवर गेला आणि स्वारी तोंड फुगवून परत आली. त्या दिवशी दोघं लवकर घरी आले आणि दुपारभर झोपले. सांगताना ताई हसल्या, मग हसू तोंडावरच राहिलं आणि डोळे भरले.

पुढे ती गाडी परवडेना. टायर, सुटे भाग, न्यायचं-आणायचं भाडं. त्याने ती विकली. भाड्याची गाडी बरी, ताई, म्हणाला, चालवायची आणि तिथेच सोडून यायची.

निघताना त्या वहिनींना म्हणाल्या, मिस्त्रीला फार शिक्षा होऊ देऊ नका. माणसाच्या हातून राहून जातं.

गॅरेजचा मालक काचेच्या खोलीत बसला होता. समोर कागदांची चळत. त्याने वहिनींना आपादमस्तक पाहिलं आणि कुणी पुरुष माणूस नाही का सोबत, असं विचारलं. वहिनींनी भाऊजींकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, आहे की, पण प्रश्न मीच विचारते.

मालकाचं रडगाणं गाडीचं होतं. शर्यतीतल्या गाडीचा विमा कुणी उतरवत नाही, सगळं नुकसान त्याच्या अंगावर आलं, अनामतीत तोंडही पुसलं जाणार नव्हतं. वर आणखी एक फटका. फरशीवाला पुढच्या पूर्ण वर्षाचा करार करणार होता. त्यासाठी घराचे कागद तारण ठेवणार होता, शर्यतीनंतरच्या मंगळवारी सही ठरली होती. तेही गेलं. त्या दिवशी ट्रॅकच्या तपासनिसाने साडेअकराला गाडी पाहून सही केली, मग गाडीवर कापडी आच्छादन घातलं. एकला शर्यत. मध्ये तो स्वतः एकदा, गाडी उभी होती त्या शेडमध्ये गेला होता, टायरच्या पावतीवर सही घ्यायला.

तेलाचं विचारल्यावर मात्र त्याचा आवाज चढला. गाड्या पाण्यावर चालत नाहीत, प्रत्येक वेळी तेल बदललं तर भाडं कुणाला परवडेल, असं तो म्हणाला. वहिनी फक्त म्हणाल्या की ज्याला परवडलं नाही त्याचे बूट त्या नुकत्याच बघून आल्या.

राहिला भागीदार. गाडीचं भाडं एकट्याला झेपेना म्हणून फरशीवाल्याने निम्मं वाटून घेणारा जोडीदार पाहिला होता. त्याचं सलून होतं. एका शर्यतीला हा, दुसऱ्या शर्यतीला तो. गेल्या शर्यतीला सलूनवाला होता. ही पाळीही मला दे, म्हणून दोघांचं वाजलं होतं, ते साऱ्या ट्रॅकने ऐकलेलं. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर कात्री चालवत तो बोलत होता. भाऊजींनी वहिनींना कोपराने ढोसलं आणि कात्रीकडे डोळ्यांनी खूण केली.

भांडण त्याने नाकारलं नाही. शेडमध्ये गेलो होतो म्हणाला, हेल्मेट आणायला, पाच मिनिटं. मग सगळे चालवणारे सूचनांच्या मीटिंगला गेले, अर्धा तास. मिस्त्री पेट्रोल भरून घेत होता. गाडीजवळ ताई होत्या, डबा घेऊन भावाची वाट बघत.

"मीटिंगमध्ये मला म्हणाला," सलूनवाला थांबला, "ही शर्यत पुरी झाली नाही तर सगळं बंद. घराचे कागदही ठेवत नाही. ताईला शब्द दिलाय."

कात्री पुन्हा सुरू व्हायला वेळ लागला.

रस्त्यावर आल्यावर भाऊजी उत्साहाने म्हणाले, कात्री याच्याकडे, भांडण याच्याशी, संधी याला. वहिनी, मिटलं. वहिनींनी रस्ता ओलांडला. मग म्हणाल्या, मिटलं खरं, पण मिटलं नसतं तर बरं झालं असतं.

रविवारी दुपारी त्यांनी सगळ्यांना कचेरीत बोलावलं. खुर्च्या चारच होत्या, आणखी दोन खालच्या घड्याळजीकडून आणल्या. टेबलावर त्या गाडीचा अपघाताआधीचा फोटो होता, समोरून काढलेला. मालक घड्याळ बघत होता. मिस्त्री काठावर. ताई डबा आणावा तशी पिशवी मांडीवर धरून.

"एकच काम आहे," वहिनी म्हणाल्या. "या गाडीत पाणी थंड करायला वारा कुठून जातो, तिथे प्रत्येकाने बोट ठेवायचं."

मालकाने मधल्या फटीवर बोट ठेवलं. सलूनवाल्यानेही मध्येच ठेवलं. महिन्यापूर्वी त्यानेच चालवली होती ती. मिस्त्री म्हणाला, बाई, मी तुम्हाला दाखवलं होतं, आणि मध्येच ठेवलं. फोटो ताईंपुढे आला. त्यांनी चष्मा लावला आणि दोन बोटं ठेवली, कडेच्या दोन भोकांवर.

ताईंनी सगळ्यांकडे पाहिलं. त्यांना काय चुकलं ते कळेना.

वहिनींनी पाकीट उघडलं. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

त्या सांगू लागल्या. मिस्त्रीने पट्ट्या काढल्या, त्या दाताने तोडलेल्या, झाकणावर आहेत. गाडीवर सापडली ती दुसरी, त्याच रोलची, कारण रोल शेडमध्ये पडलेला होता. साडेअकरा ते एक या वेळात आच्छादनाची कड उचलून कुणीतरी लावली. ती कात्रीने कापलेली आहे, म्हणून गाड्यांच्या धंद्यातल्या हाताची नाही. कात्री सलूनवाल्याकडेही असते. पण केस कापणारा चिकटपट्टीचे कोपरे गोल कशाला करेल? कोपरे तो गोल करतो ज्याला माहीत असतं की टोकदार कोपरा उचलतो. जो रोज माणसांच्या अंगावर पट्ट्या लावतो.

भाऊजींनी स्वतःच्या बोटाकडे पाहिलं आणि हात टेबलाखाली घेतला.

"आणि ही दुमड," वहिनी म्हणाल्या. "हिच्यावर मी दोन दिवस अडून होते. मारायला निघालेला माणूस पट्टी सहज निघावी अशी मूठ ठेवून जात नाही. ज्याने लावली त्याला ती थोड्या वेळाने काढायची होती. घाईने, ओरखडा न उठवता. मालकाला आणि भागीदाराला ठाऊक होतं की ती भोकं ब्रेकची आहेत. त्यांनी लावली असती तर ती जीव घ्यायलाच, आणि मग दुमड नसती. म्हणजे लावणाऱ्याला ती भोकं ब्रेकची आहेत हेच ठाऊक नव्हतं. त्याच्या लेखी ती पाण्याची होती. जुन्या निळ्या गाडीत होती तशी."

ताईंचा हात अजून फोटोवर होता.

"काटा वर जाईल," त्या म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात, जणू कुणी विचारलं होतं. "दुसऱ्या फेरीत काटा लाल होईल, तो आत येईल. मी पट्टी ओढून घेईन, कुणाला कळणार नाही. शर्यत जाईल तेवढीच. मंगळवारी सही करायला नको." मग त्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं. "मला वाटलं, तुमची पट्टी ब्रेकवर राहिली आणि माझी पाण्यावर होती. खरंच तसं वाटलं हो. त्याची शेवटची शर्यत मी नासवायला निघाले होते, हे कुठल्या तोंडाने सांगणार होते मी?"

करायला गेली एक आणि झालं भलतंच, असं जग म्हणून मोकळं होतं. त्या खोलीत ते म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

मग वहिनी मालकाकडे वळल्या. पट्टीने ब्रेक तापले हे खरं. पण तेल नवं असतं तर ब्रेक आधी हळूहळू मऊ पडला असता, त्याला कळलं असतं, तो आत आला असता. पाच फेऱ्यांत तेल उकळलं ते जुनं होतं म्हणून, आणि ते जुनं का होतं हे समितीपुढे मिस्त्री सांगणार होता. आता घड्याळाकडे पाहायचं मालक विसरला होता.

मिस्त्री उठला. त्याची सुटका झाली होती, पण तोंडावर तसं काही नव्हतं. त्याने टोपी हातात चुरगाळली.

"ताई, तुम्ही येऊ नका समितीत," तो म्हणाला. "तेलाचं सांगतो मी. पट्टीचं... राहू द्या. मी विसरलो म्हणतो. त्यांचा तसा समज आहेच."

"तुम्हाला दुसरं काही येतं?" ताईंनी विचारलं.

त्याने हातातली टोपी उलटी करून पाहिली.

"मग बसा." त्यांनी डोळे पुसले, पदर नीट केला आणि भाऊजींना म्हणाल्या, लिहा. माझ्याने आत्ता लिहवत नाही.

भाऊजींनी लिहिलं. मोत्यासारखं अक्षर त्या दिवशी दोनदा खोडलं गेलं. ताईंनी सगळं सांगितलं, रोल कुठून उचलला, कात्री पिशवीतली, कोपरे कधी कापले ते आठवतही नाही, हाताची सवय. खाली सही केली. सोमवारी समितीने तो कागद वाचला आणि मिस्त्रीवरचा ठपका काढला. मालकाच्या सगळ्या गाड्या तेल तपासेपर्यंत बंद केल्या. ताईंचं काय करायचं यावर ते तासभर बोलत राहिले आणि शेवटी कागद जिथे पाठवायचे तिथे पाठवले. ताई तो तासभर बाहेरच्या बाकावर ताठ बसल्या होत्या, एका बाजूला वहिनी, एका बाजूला मिस्त्री.

"एक विचारू?" ताई मिस्त्रीला म्हणाल्या. "ती पाण्याचीच भोकं असती, काटा लाल झाला असता, तर तो आत आला असता ना?"

मिस्त्री त्या माणसाला दोन वर्षं ओळखत होता. त्याने त्याला गुडघा सुजलेला असताना, इंजिन धूर ओकत असताना गाडी चालवताना पाहिलं होतं. त्या शर्यतीवर घर लागलं होतं. काट्याकडे बघणारा माणूस तो नव्हता, त्या दिवशी तर नव्हताच.

"लगेच आला असता, ताई," मिस्त्री म्हणाला. "दुसऱ्याच फेरीत."

ताईंनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा.

वहिनींनी अवघ्या आयुष्यात समोरच्याचं खोटं बोलणं तसंच जाऊ दिलं नव्हतं. त्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं. मग पिशवीतून पाण्याची बाटली काढली, टोपण उघडलं आणि ताईंच्या हातात दिली.